पाटीवर वाफ लिहिलेली नाही

तोकोमारू, ४ ऑगस्ट

चि. मेरेआनास,
हुहानामावशीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. पत्रच लिहिते, कारण फोनवर मी ओरडते आणि तू रडतेस, मुद्द्याचं राहूनच जातं.

आपली शेजारीण रोइमाता काल तुला भेटून गिस्बर्नहून आली. म्हणाली, भेटताना रीतीप्रमाणे तुझ्या नाकाला नाक लावलं तर आंब्याचा वास आला. आपल्याकडच्या ऑगस्टच्या भर हिवाळ्यात आंबा! मला वाटलं, डोहाळे लागलेत पोरीला, डब्यातले आंबे खातेय. केवढं कौतुक वाटलं! मग तिने खरं सांगितलं. सिगारेट सोडलीस आणि ती विजेवरची, आंब्याच्या वासाच्या निकोटीन-वाफेची नळी धरलीस. अगं, सहावा महिना चाललाय तुला!

तुझी आई, माझी पाठची बहीण, सिगारेटच्या धुरापायी गेली. तेव्हा सभाघराच्या दारावर ‘इथे धूर नाही’ ही पाटी मी स्वतः रंगवली, आपल्या भाषेत. मला धूर काय नि वाफ काय, दोन्ही सारखंच. पुढच्या महिन्यात तुझ्या आईला जाऊन वर्ष होतंय, रीतीप्रमाणे सगळ्यांनी जमून थडग्यावरच्या दगडावर झाकलेलं कापड काढायचंय. ती नळी घेऊन येणार असशील तर येऊ नकोस. लागेल तुला, तरी लिहिते.

लोभ आहे म्हणूनच राग आहे, हे विसरू नये.
तुझी,
हुहानामावशी

गिस्बर्न, ११ ऑगस्ट

ती. मावशीस,
मेरेआनाचा पोट सांभाळून नमस्कार. आंब्याचं वाचून खूप हसले. पुढचं वाचून हसू गेलं.

सिगारेट सुटावी म्हणून निकोटीनच्या पट्ट्या लावून पाहिल्या, अंगभर पुरळ उठलं. गोळ्या चघळल्या, भडाभडा ओकले. नुसत्या निश्चयावर सोडली, तर नवऱ्याच्या, तामाच्या, जाकिटातून चोरून ओढली. सुईणबाई लोसा म्हणाली, काहीच न ओढणं सगळ्यात उत्तम. नळी निर्धोक आहे असं छातीठोक तीही सांगत नाही. पण जळत्या तंबाखूतला विषारी वायू तरी बाळाला जाणार नाही, म्हणाली. दर भेटीला ती श्वासातला तो वायू मोजणाऱ्या एका यंत्रात फुंकायला लावते. पूर्वी आकडा पाहून मान खाली जायची. आता कधीच न ओढलेल्या बाईसारखा येतो! शाळेत कधी पहिली आले नाही मी, पण त्या दिवशी वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले.

आणि मग तुझं पत्र आलं. दोन्ही सारखंच. मी गाडीत जाऊन बसले, तामाच्या पाकिटातली एक काढून ओठांत धरली. म्हटलं, सारखंच असेल तर खरीच का ओढू नये? पेटवली नाही, मावशी. पण तुझ्या शब्दाने मी तिथवर गेले. आईच्या दगडाशी मी येणार नाही. जे जिंकलंय त्याची लाज वाटून दारात उभी राहणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.
मेरेआना

तोकोमारू, २० ऑगस्ट

चि. मेरेआनास,
मावशीचे आशीर्वाद, थोडे वरमलेले. तुझं पत्र दोनदा वाचलं.

रविवारी सभाघराची बैठक होती. विषय मीच काढला. पातारिकीकाका काठी टेकत उठला. म्हणाला, हुहाना, पाटीवर तू धूर लिहिलंस. आपल्या भाषेत धुराला एक शब्द, वाफेला दुसरा. वाफेलाही बंदी असेल तर ज्या खड्ड्यात तापल्या दगडांच्या वाफेवर आपण जेवण शिजवतो तो आधी बुजव, आणि तुझी किटलीही बाहेर काढ! सगळे खो खो हसले. माझ्याच अक्षरांनी माझी जिरवली मेल्याने.

पण मी गप्प बसते होय? म्हटलं, वाफ चांगली असं मी मुळीच म्हणणार नाही, आणि पोरांसमोर ती नळी दिसता कामा नये. मात्र जिने माझी बहीण खाल्ली ती सिगारेट तिच्या लेकीने सोडली आहे, आणि हे मी मान वर करून सांगते. तेव्हा ठरलं: नळी फाटकाबाहेर, पोरगी आत.

सारखंच नाही गं. चुकले मी. पाहुण्यांना फाटकातून हाक घालून आत घ्यायचं काम तुझ्या आईचं होतं, आता ते माझ्याकडे आलंय. तू आली नाहीस तर कोणासाठी घशाला ताण देऊ?

रुसवा सोडावा, माया धरून ठेवावी.
तुझी,
हुहानामावशी

गिस्बर्न, २६ ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार. येते.

आंबा बंद केलाय, आता बिनवासाची घेते, निकोटीनही निम्म्यावर आणलंय. बाळ यायच्या आत नळी सुटेलच असं वचन देत नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाहीये. प्रयत्न चाललाय.

आईने किती वेळा सोडून पाहिली, आठवतंय? दर वेळी पुन्हा धरली, आणि दर वेळी आपण सगळे तिला रागावलो, मी सगळ्यांत जास्त. तिच्या हातात दुसरं काही कुणी दिलंच नाही. तिला जमलं नाही ते मला जमलंय, आणि ते तिच्या दगडापुढे उभं राहून मला तिला सांगायचंय.

तेव्हा हाक मोठ्याने घाल, मावशी. बाळाला आता ऐकू येतं.

तुझीच,
मेरेआना