वरच्या वजनाची लढत

गोंदिया, १९३८

चिरंजीव सेवक,

काल रेल्वेच्या मैदानावर तुझं बॉक्सिंग पाहिलं. हलक्या वजनाच्या गटात तू पाय रोवून एकच ठोसा द्यायचास, समोरचा खाली बसायचा. या वरच्या गटातला गडी तोच ठोसा खाऊन हसला. मग तू डाव्या हाताने टोचून बाजूला सरकत राहिलास.

"अबे, पळून काऊन राहिला?" मागून कुणी ओरडलं. मी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना पुटपुटत होते.

जिंकलास, पण डोळा सुजून मिटला होता. तसाच, घरी न येता संध्याकाळच्या गाडीने गेलास. घरी पातेलंभर भात उरला.

खालच्या गटात परत ये, असं लिहायला बसले. पण त्यासाठी तुला उपाशी राहून वजन उतरवावं लागेल. तेवढं मला लिहवत नाही. हे पत्र टपालात टाकत नाही.

तुझी आई