आप्पांच्या बोटाएवढी जागा

प्रिय पप्पू,

रविवारी गाडी घेऊन येतो आणि आप्पांना कायमचं पुण्याला नेतो, असं तू एका दमात सांगितलंस आणि माझं ऐकायच्या आत फोन ठेवलास. तात्याबाच्या दारातला तो व्हिडिओ तू तिकडे बसून पाहिलास, चार मित्रांना दाखवलाही असशील, आणि ठरवून मोकळा झालास की आप्पांचं डोकं फिरलं. तुझ्यावर चिडायचा मला हक्क नाही. "वय झालं रे त्यांचं" हे तुला मीच सांगितलं होतं. पण आता सगळं नीट लिहिते. फोनवर तू मधेच तोंड घालतोस, कागदावर तुला ते जमणार नाही.

मी सांगलीत काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस. "अक्का कॉम्प्युटरवर बसते" एवढं तुला पुरतं. आमच्या बातम्यांच्या साइटवर अक्षर केवढं असावं, ओळीखाली ओळ किती अंतरावर यावी, दोन बातम्यांमध्ये किती मोकळं सोडावं, हे मी बघते. इंग्रजीचं माप आपल्या अक्षरांना चालत नाही. आपल्याकडे वर वेलांट्या आणि खाली उकार, ओळी जवळ आणल्या की एकमेकींत अडकतात. पहिल्यांदा मीही ते चुकीचंच माप धरलं होतं. मग एका सुट्टीत गावी आले तेव्हा आप्पांना कट्ट्यावर फोनवर आमची साइट वाचताना पाहिलं. चौथी शिकलेला माणूस, काचेला न टेकवता ओळीखाली बोट धरून आईला मोठ्यानं वाचून दाखवत होता, आणि त्या बोटाखाली पुढची ओळ झाकली जात होती. ज्वारी कोळपलेली तुला आठवत असेल. ओळी जवळ पेरल्या तर मधून तण काढायचं कोळपं जात नाही, तसंच ते. मी अंतर वाढवत नेलं. अठरा मापाच्या अक्षराला बत्तीस मापाची ओळ, दोन परिच्छेदांत तेवढीच जागा, दोन बातम्यांत दुप्पट. सगळं त्याच मापात, म्हणजे डोळा खाली उतरताना कुठं ठेच लागत नाही. आप्पांचं बोट सरळ चालायला लागलं. "आता कसं ब्येस हाय," म्हणाले. गावभर सांगत सुटले, माज्या पोरीनं केल्याली साइट हाय.

मग आमचे मालक वीरधवलसाहेब एके दिवशी टेबलाशी आले. फोनच्या पहिल्याच पडद्यावर दुसरी जाहिरात दिसली पाहिजे, एवढी रिकामी जागा कशाला सोडलीय, म्हणाले. वाचायला त्रास होईल, असं मी एकदा म्हणाले. एकदाच, तेही हळू. त्या महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते ना. बत्तीसचे चोवीस केले, आणि दोन बातम्यांतलं अंतरही चोवीस. दहा मिनिटांचं काम. साहेब "व्हेरी गुड" म्हणाले आणि मला, निर्लज्जासारखं, बरंही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात त्या पानावर पलूसच्या कुणा गृहस्थांच्या निधनाची बातमी आली, आणि तिला चिकटून तात्याबा गावच्या दूध डेअरीचे चेअरमन झाल्याचं अभिनंदन. आप्पांचं बोट घसरलं. वरचं निधन वाचलं आणि खालचं नाव. जेवत्या ताटावरून उठले, डोक्यावर टॉवेल घेतला आणि निघाले. दोघांनी सारी उमर एकत्र मेंढरं राखलेली. तात्याबाच्या दारात सत्काराला माणसं जमलेली, आप्पांना वाटलं मयतीलाच जमलीत. त्यांनी उंबऱ्यावरच हंबरडा फोडला, "तात्या, मला एकट्याला ठिवून गेलास रं!" आणि आतून तात्याबा फेटा बांधून, गळ्यात हार घालून बाहेर आला. त्याची बायको साळूबाई ओरडली, "आवं, चांगल्या दिवशी कुणाच्या नावानं रडताय?" पुढचं तू पाहिलंच आहेस. लोक किती हसले तेही.

त्या रात्री मी सांगलीहून आले, तर आप्पा जेवले नाहीत. मला म्हणाले, "राणे, ह्यात काय लिवलंय बघ गं." फोन बघून मी एवढंच म्हणाले, "आप्पा, डोळं ऱ्हायलं न्हाईत आता तुमचं. वाचायचं सोडा." मग मिरजेला डोळे दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चष्मा बरोबर आहे, डोळे चांगले आहेत. मला वाटलं, सुटले. पण आप्पांनी वाटेत एसटीत शांतपणे त्याचा अर्थ लावला. डोळं चांगलं हायत, म्हंजे डोस्कंच गेलं. घरी आल्यावर चाळीसच्या चाळीस मेंढरं चुलत्याच्या मेंढवाड्यात नेऊन सोडली. एकेका मेंढराचं तोंड ओळखणारा माणूस, म्हणतो, "मेल्याजित्यातलं कळंना मला, मेंढरातलं काय कळनार?" आईनं हातापाया पडून बघितलं. ऐकलं नाही.

परवा मी त्यांना सांगितलं. मी दोन फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले, एकावर जुनं पान, एकावर नवं. आप्पा, चूक तुमची नव्हे, ओळींची आहे, आणि ओळी मी जवळ आणल्या, असं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. बापाची लाज राखाय एवढं खोटं बोलू नगंस." मी खोटं बोलले ते त्यांनी एका शब्दात मानलं होतं. आता खरं बोलते तर ती त्यांना माझी माया वाटते. कपड्यांची पिशवी भरून बसलेत, रविवारची वाट बघत. म्हणून हे पत्र. तू त्यांच्याशी आयुष्यात कधी गोड बोलला नाहीस, त्यांना बरं वाटावं म्हणून एक शब्द कधी उच्चारला नाहीस. तू सांगितलंस तर ते खरं मानतील. रविवारी ये, पण न्यायला नको, सांगायला ये. आणि एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही, ती तूच सांग. त्यांनी फोन पुढे केला, तेव्हा पहिल्या नजरेतच मला सगळं कळलं होतं. तरी मी त्यांच्या डोळ्यांवर ढकललं.

तुझीच,
राणीअक्का