कनकीवरचं बाळसं

माय, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर तूही नाहीस. तरी लिहायला बसले आहे. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा गावानं आपल्याला शेतावर बोलावणं बंद केलं, विहिरीवर लांबून पाणी वाढणंही थांबवलं. आपण वारासिवनीला राइस मिलच्या मागे झोपडी घातली. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो. पण गावात बांधावरची भाजी होती, तळ्यातली मासळी होती, शेळी होती. इथे तू दिवसभर धान पाखडायचीस आणि मजुरीत कनकी आणायचीस, तांदळाची चुरी. सकाळी तिची पेज, संध्याकाळी तिचाच भात. तुझं दूध आटलं तशी माझी धाकटी बहीणही पेजेवर आली.

ती वाळत चालली होती, आणि एका आठवड्यात तिचे गाल भरले, पाय गुबगुबीत झाले. तू तिला मांडीवर घेऊन बसली आहेस आणि हसते आहेस. "पाह्य, कशी बाळसं धरून राह्यली माही पोरगी!" शेजारची काकू कौतुकानं म्हणते, "हौ वो, लय गोंडस झाली." चौथ्या दिवशी धाकटी गेली. तू म्हणालीस, काकूची नजर लागली. देव आपण नदीत सोडून आलो होतो, नजर मात्र गाठोड्यात बांधून आणली होती. "काहून बोलत नाही वो माह्यासंग?" काकू नळावर विचारायची. तू घागर उचलून चालू लागायचीस.

पुढे बालाघाटला नर्सचं शिक्षण घेताना बाईंनी असंच एक गुबगुबीत लेकरू दाखवलं. त्याच्या पायावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. "हे बाळसं नाही, सूज आहे. नुसत्या भातावर ठेवलेल्या लेकराला येते." मी व्हरांड्यात जाऊन खूप रडले. रविवारी तुला सांगायलाच घरी आले होते. तू मला भात वाढत होतीस. नजर लागली असेल तर दोष काकूचा. पेज असेल तर तू तो स्वतःच्या हातांना लावला असतास, आणि त्या हातांजवळ दुसरं काय होतं? मी जेवले आणि न सांगताच परत गेले.

त्यानंतर तू सात वर्षं जगलीस. तुझ्या मयताला काकू आली, दाराबाहेरच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं नाही.

काकू अजून आहे. हे तिला वाचून दाखवायची हिंमत होत नाही, म्हणून तुला लिहिलं.