स्क्रीन आता अडकत नाही

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. पुण्याचा मॅनेजर म्हणायचा, चांगला डेव्हलपर लॉग ठेवतो. मी ठेवत नव्हतो. कंपनीने मला त्यासाठीच मोकळं केलं असावं, दुसरं कारण दिसत नाही.

आमच्या उंद्री गावच्या दूध डेअरीचं काम मिळालं. अध्यक्ष हिंमतरावांनी स्वतः बोलावून सांगितलं. फॅट मोजायच्या मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडायची. सभासद नंबर टाकून बटन दाबलं की स्क्रीनवर फॅट दिसेल आणि पावती निघेल. किरकोळ आहे, आठवड्यात उरकेल. मग गावोगावच्या डेअऱ्या.

बायकोने, वंदनाने, विचारलं, आनंद झाला का? आत शोधून पाहिलं. विशेष काही वाटत नव्हतं. याला मॅच्युरिटी म्हणतात.

११ नोव्हेंबर
पहिला दिवस. सॉफ्टवेअर चाललं. फक्त मशीन दूध तपासतं तेवढा वेळ स्क्रीन पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. डेअरीवर दूध घेणारा वाहेदभाई घाबरून बटन दाबत राहिला. नंतर प्रत्येक दाबण्याची वेगळी पावती निघाली. एका किटलीच्या पावत्या पार दारापर्यंत.

वाहेदभाई म्हणाला, "ज्ञानेश्वरभाऊ, हे तर मरून गेलं ना बाप्पा!"

मी सांगितलं, मेलं नाही, वाट बघतंय. स्क्रीन रंगवणारा आणि मशीनची वाट बघणारा थ्रेड, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गडी, एकच. वाट बघायला दुसरा थ्रेड दिला की स्क्रीन सांभाळणारा मेन थ्रेड मोकळा. वाहेदभाई "हाव" म्हणाला आणि झाडू घेऊन पावत्या गोळा करू लागला.

उद्यापासून पहाटे उठून कोड.

१२ नोव्हेंबर
उठलो नाही. थंडी होती, आणि अपुऱ्या झोपेत केलेला कोड चुकतो.

दुपारी दुसरा थ्रेड टाकला. एरर आली: स्क्रीनवरच्या कुठल्याही गोष्टीला मेन थ्रेडशिवाय कोणी हात लावायचा नाही. नियम मला माहीत आहे, कॉलेजात शिकलोय. मोठ्या सॉफ्टवेअरसाठी असतो तो. ही तपासणी बंद करायची एक ओळ असते. टाकली. एरर गेली.

१५ नोव्हेंबर
स्क्रीन पळते! एकाचं दूध मशीनमध्ये असतानाच वाहेदभाई पुढच्याचा नंबर टाकून ठेवतो. रांग लवकर संपते. हिंमतरावांनी चारचौघांत पाठीवर थाप मारली. पाठीवर थाप पडली एवढं समजलं.

मधूनच भाऊराव म्हणून एका सभासदाची पावती निघत नाही. मग वाहेदभाई त्यांच्या गाईचं दूध पुन्हा लावतो. कागद अडकत असेल.

१९ नोव्हेंबर
आज डेअरीवर जरा प्रकार झाला. रुखमाबाई म्हणून आमच्या घरामागे राहतात. एकट्याच असतात, म्हैस हाच संसार. त्यांची फॅट नेहमी सातच्या वर. आज पावतीवर साडेतीन आली.

हिंमतराव रांगेसमोर म्हणाले, "काऊन रुखमाबाई, नळ म्हशीच्या गोठ्यात घेतला काय?"

लोक हसले. रुखमाबाई म्हणाल्या, "मी पानी नाई टाकलं हो. थेंबभर नाई टाकलं."

"मंग मशीन खोटं बोलते काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मशीन कालच तपासून घेतलंय. जे खरं तेच सांगितलं. रुखमाबाईंनी किटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, मग तसंच हातात घेऊन गेल्या.

घरी येऊन जेवलो. भाजी कोणती होती ते आठवत नाही.

२३ नोव्हेंबर
पुन्हा तेच. आता पोरंसोरंही त्यांना "पानीवाली काकू" म्हणतात.

वाहेदभाईने बाजूला घेतलं. "भाऊ, ते भाऊरावाच्या मांगं उभी असली की तिची फॅट पडते. भाऊरावाची गाय हाय. मले काही हे बराबर दिसून नाही राह्यलं."

मी म्हटलं, योगायोग. इतक्या कमी डेटावरून निष्कर्ष काढत नसतात.

वंदना म्हणाली, "अहो, एकदा कोड बघा ना." रविवारी बघतो म्हटलं.

२६ नोव्हेंबर
रविवार कसा गेला कळलं नाही. आज बघायला बसलो होतो, पण बटनांचा रंग डोळ्याला खुपत होता. आधी तो बदलला. हिरवा चांगला दिसतो. फॉन्टही मोठा केला. एकूण बरंच काम झालं.

३० नोव्हेंबर
बघितलं.

भाऊरावांचं दूध मशीनमध्ये असतं. स्क्रीन मोकळी, म्हणून वाहेदभाई रुखमाबाईंचा नंबर टाकतो. मशीनचा आकडा आला की माझा थ्रेड स्क्रीनवर जाऊन बघतो, कोणाचा नंबर आहे. रुखमाबाईंचा असतो. गाईची साडेतीन फॅट त्यांच्या नावावर, पावती त्यांच्या हातात. पावती निघाली म्हणजे तपासून झालं समजून वाहेदभाई त्यांची किटली कॅनमध्ये ओततो.

त्यांचं दूध त्या दिवशी मशीनपर्यंत गेलंच नव्हतं.

खुर्चीत बराच वेळ बसलो. वाईट वाटेल म्हणून थांबलो होतो, पण पाय तेवढे गार पडले.

ठरलं: आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं. उपाय हातात नसताना बग सांगणं अनप्रोफेशनल.

४ डिसेंबर
सांगायलाच गेलो होतो. हिंमतरावांजवळ माणसं होती. अशा गोष्टी एकट्यात सांगाव्यात. नंतर ते एकटे झाले, पण जेवत होते.

तिथेच कळलं की रुखमाबाईंचा सभासद नंबर बंद केला. वाहेदभाई म्हणाला, "सकाळी आल्ती. मी म्हटलं, काकू, नंबर घेऊन नाही राह्यला. तशीच उभी राह्यली, मंग गेली."

नंबर पुन्हा चालू करायला सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. एक क्लिक.

७ डिसेंबर
दुरुस्त झालं. बटन दाबताच नंबर थ्रेडच्या हाती द्यायचा, त्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. आकडा आला की तो नंबरासह मेन थ्रेडकडे सोपवायचा, स्क्रीनवर लिहील तर फक्त तो. बंद केलेली तपासणी परत चालू केली. एकही एरर नाही. कॉलेजातलं पुस्तक बरोबर होतं, हे मोठ्या मनाने मान्य केलं.

वंदनाला सगळं सांगितलं. तिने शाळेच्या वह्या तपासायच्या थांबवल्या. "मग आत्ता जा. हिंमतरावांना सांगा."

मी म्हणालो, चौदा तारखेला डेअरीची सभा आहे, तिथे अधिकृत सांगेन.

"रुखमाबाईंना रांगेत बोलले होते ना? मग उद्या रांगेतच सांगा."

मुद्दा चांगला होता. विचार करतो म्हटलं.

८ डिसेंबर
रांगेत गेलो. नवीन व्हर्जन टाकलं. वाहेदभाईने दहा ठिकाणी टिचक्या मारून पाहिलं, नंबर इकडचे तिकडे झाले नाहीत.

"मंग रुखमाबाईचं काय?" त्याने हळूच विचारलं. "मीच सांगून देऊ काय?"

मी म्हटलं, थांबा. टेक्निकल गोष्ट आहे, तुमच्या तोंडून लोकांचा गैरसमज होईल. सभेत मी नीट मांडतो.

तो म्हणाला, "तुमी म्हनता तं थांबतो." माझ्याकडे बघितलं नाही. कामात होता.

१४ डिसेंबर
सभा झाली. स्क्रीन न अडकता चालते म्हणून माझा शाल-नारळ देऊन सत्कार. मग बोलायला उभं केलं. मुद्दे पाठ होते. मेन थ्रेडपासून सुरुवात केली, मग दुसरा थ्रेड, मग सोपवासोपवी. रुखमाबाईंवर येणारच होतो. लोक जांभया देत होते. मी म्हणालो, आधीच्या व्हर्जनमध्ये काही पावत्यांवर आकडे मागेपुढे झालेले असू शकतात.

हिंमतराव मध्येच म्हणाले, "पन मशीन तं तवाबी खरंच सांगत होतं ना?"

मशीन खरंच सांगत होतं. चूक सॉफ्टवेअरची होती. प्रश्न मशीनबद्दल होता. मी म्हणालो, "हो. मशीन खरंच सांगत होतं."

टाळ्या वाजल्या. वाहेदभाई उठून बाहेर गेला.

घरी वंदनाने विचारलं, "सांगितलंत?"

"टेक्निकली, हो."

तिने शालीची घडी घालून कपाटात ठेवली.

१५ डिसेंबर, सकाळी
अंगणात आवाज आला. रुखमाबाई दूध घालायला आल्या होत्या. डेअरी त्यांना बंद झाली म्हणून घरोघर देतात. आजपासून आपल्याकडेही लावलंय, हे वंदनाने मला सांगितलं नव्हतं. वंदना पातेलं घेऊन बाहेर गेली.

"मास्तरीनबाई, आधी तापवून पाहा," रुखमाबाई म्हणत होत्या. "पटलं तं उद्या आनतो. नाई तं नाई."

त्या जाईपर्यंत मी खोलीतच थांबलो. समोरासमोर बोलायची ही वेळ नव्हती.

दूध तापून निवल्यावर वंदनाने पातेलं तसंच माझ्यासमोर आणून ठेवलं आणि शाळेत गेली. जाड, पिवळसर साय आली होती. चमचा उभा राहील अशी.

थोडा वेळ बघत बसलो. मग झाकण ठेवलं.