वाकू नगं

आईस कपिलचा जयभीम.

मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो. पेपरातला 'शूर कॅप्टन' पोपटमामाने तुला दाखवला असेलच. एवढं काही नव्हतं गं. आमचा एक जवान डोंगरावर, उघड्यात जखमी पडला होता. गोळीबार चालू असतानाच मी उभा राहिलो, पळत गेलो आणि त्याला खांद्यावर घालून आणला. तो वाचला नाही, ते पेपरात नाही.

तू कांदा खुरपताना गळ्यातला खिळ्यांचा पट्टा काढून ठेवतेस, असं आपली साक्षी मागे फोनवर सांगत होती. उकडलं तरी काढू नकोस, बिबट्या मानच धरतो. पुन्हा दिसला का?

वाकलेल्या माणसावर तो झेप घेतो, म्हणून लहानपणी उसाच्या कडेला तू माझ्यावर ओरडायचीस, "वाकू नगं, हुभा ऱ्हा!" ते अंगात मुरलंय. इथं मात्र उभ्या माणसावरच नेम धरतात.

तुला हे पत्र मिळेल तोवर आम्ही पुन्हा त्याच डोंगरावर असू. तिथं फोन लागत नाही.

मामाला जयभीम. उलट टपाली साक्षीच्या हातून एकच ओळ लिहून पाठव, "वाक रं, पोरा."

तुझा,
कपिल