उजव्या पंखाचं कापड

१२ नोव्हेंबर

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ट्रंकेत टाकलं नाहीस, असं धरून चाललोय. टाकलं असतंस तरी तुला बोल लावता आला नसता. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसायचो, तारीख घालायचो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दुकानात यायचं. निदान मी स्वतःला तसं सांगायचो.

इकडे सगळे मजेत. सौ.चा गुडघा कुरकुरतो. तिच्यासमोर कुरकुर करायची हिंमत या घरात एकट्या त्या गुडघ्यालाच आहे. तुझी भाची नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिने मला नवा एप्रन आणला, कारण जुन्यावर इतकं रेझिन सांडून वाळलं होतं की तो खुंटीशिवाय उभा राहायचा. म्हणाली, "बाबा, तुम्ही घातला नाहीत तरी तो तुमच्यासारखाच दिसतो." आत्यावर गेलीये, दुसरं काय.

दुकान चालू आहे. अख्ख्या बाजाराचे वजनकाटे अजून माझ्याकडेच येतात.

आणि आता बातमी. ताई, टोळ पूर्ण झाला, आपलं विमान तयार! नऊ वर्षं लागली. लग्न करून, पोरं होऊन लोक मोकळे होतात तेवढ्यात. पण परवा आम्ही त्याला गॅरेजातून ढकलत बाहेर काढला, पंख जोडले आणि मी चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर खरंच विमान! आख्खी गल्ली जमली. विमान म्हटलं की लोकांना पत्रा नि खिळे दिसतात. एकाने पंखावर हात फिरवून विचारलं, "हे प्लॅस्टिक आहे का हो?" मी सांगितलं, आत फोम आहे, वर काचेच्या धाग्याचं कापड आणि त्याला पाजलेलं रेझिन. तो म्हणाला, "म्हणजे शिवलंय म्हणा की!"

रंग पांढराच दिला. सौ.ला निळा हवा होता, पण गडद रंग उन्हात तापतो आणि तापलं की रेझिन मऊ पडतं. तिने मग निदान शेपटीवर एक निळी रेघ मिळवलीच.

गेल्या आठवड्यात विमान पास करणाऱ्या सरकारी तपासनीस बाई आल्या. हातात एक नाणं. दोन तास नुसत्या टकटक करत फिरल्या. कापड नीट चिकटलं असेल तिथे टणक आवाज येतो, पोकळ असेल तिथे बद्द. सौ. माझ्या कानात म्हणाली, "विमान तपासतायत की कलिंगड घेतायत?" एवढ्या मोठ्या अंगात कुठे एकदाही बद्द वाजलं नाही.

राहिली फक्त एक बारीकशी गोष्ट. सोबत एक कागद आहे. डावा पंख आणि शेपटी यांचं कापड आराखड्याप्रमाणे तू कापलंस, एवढंच त्यात लिहिलंय. खाली सही कर आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलंय, त्यातून पाठवून दे. सरकारी नियम असतात एकेक.

गुडघ्यासह सर्वांचा नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ


३० नोव्हेंबर

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

तुझं पाकीट मिळालं. कागद सहीशिवाय परत, त्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीत एकच ओळ: "जिला कापड कापता येत नाही, तिची सही तुला कशाला हवी?"

सौ.ने ती वाचली. म्हणाली, "बरोबर विचारलंय. द्या उत्तर." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला तेव्हा खरं माहीत नव्हतं. आज सकाळी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त "चहा" एवढंच बोलते आहे.

तर उत्तर. गेल्या पत्रात चार पानं भरून जे लिहिलं नाही, ते आता लिहितो.

तपासनीस बाईंनी माझी बांधकामाची वही मागितली. रोज काय केलं, कुणी केलं, सगळं त्यात लिहावं लागतं. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर त्या थांबल्या. तिथे माझ्या अक्षरात लिहिलंय: "उजव्या पंखाचं वरचं कापड निघून आलं. कारण: कापड सरळ कापलं गेलं, उरेब (तिरपं) नाही. कापणारी: बहीण." बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "डावा पंख आणि शेपूट कुणी कापलं?" मी म्हटलं, "तिनेच." त्या म्हणाल्या, "मग तुमच्याच लेखी, ते मी कसं पास करू?"

म्हणजे मी तुझ्यावर ढकललेली गोष्ट फिरून माझ्याच विमानावर येऊन बसली. तुझ्या सहीचा कागद काढायची कल्पना माझी. वाटलं, तू लिहून दिलंस की भागेल, आणि ते पान तसंच राहील.

तो दिवस तुला आठवत असेलच. मला तर रोज आठवतो. उजव्या पंखावर कापड घालून तीन दिवस झाले होते. मी कडेला नख लावलं आणि अख्खं कापड ओल्या भिंतीच्या रंगासारखं सुटून हातात आलं. मी ओरडलो. गॅरेजचं दार सताड उघडं, बाहेर लोक उभे. "तिरपं कापायचं होतं, उरेब! सरळ कापलं की वळणावर बसत नाही, उचलतं! चाळीस वर्षं काय कापलंस?" तू कात्री पुसलीस. म्हणालीस, "माझी कात्री चुकलेली नाही." मी म्हणालो, "माझा काटा चुकत नाही." तू कात्री कापडात गुंडाळलीस आणि मिळेल त्या बसने घरी गेलीस.

ताई, काटा चुकला होता.

रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मी वजन करून मिसळतो. दर वेळी उरलेलं थोडं कागदी कपात ठेवतो, वर तारीख घालतो. पुढे शंका आली तर कप दाबून बघायचा, घट्ट झालंय का. तू गेलीस त्याच्या आठव्या दिवशी मी उजव्या पंखाचा कप सहज दाबला. नख आत गेलं. इतकं मऊ. मग काटा उलटा केला. ताटलीखाली वाळलेल्या रेझिनचा एक थेंब चिकटला होता, हरभऱ्याएवढा. ताटली त्यावर टेकायची आणि काटा खोटं बोलायचा. प्रमाण बिघडलं, रेझिन जमलंच नाही, कापड सुटलं. तुझं कापड जसं हवं तसं उरेबच होतं.

मी लोकांचे काटे उलटे करून दाखवतो. "बघा, इथे घाण साचलीये, म्हणून गिऱ्हाईक भांडतं." रोज सांगतो. आणि स्वतःचा काटा मी नऊ महिने उलटा केला नव्हता. हे कुणाला सांगायचं? काटेवाल्याचाच काटा चुकला म्हटलं तर बाजारात तोंड कसं दाखवू, असं वाटलं. थेंब खरवडून टाकला. कप स्क्रूच्या डब्यामागे लपवला. वहीत काही बदललं नाही. तुला लिहिलं नाही. उद्या लिहू, परवा लिहू, असं करता करता मग लाजच इतकी वाढली की पत्राला जागाच उरली नाही.

अजून एक आहे. हे लिहिताना कान तापलेत. तू नेहमी एक जोड जास्त कापून ठेवतेस ना? ती उजव्या पंखाची जोड कपाटात होती, घडी घालून, वर तुझ्या अक्षरात "उजवा, वरून" असं लिहिलेली चिठ्ठी. मी तेच कापड वापरलं. एका फटक्यात बसलं, एक सुरकुती नाही. वहीत लिहिलं, "कापड: स्वतः कापलं."

हे सगळं मी आधी तुला लिहितोय. उद्या सकाळी वही आणि तो मऊ कप घेऊन तपासनीस बाईंकडे जाणार. त्या काय म्हणतील माहीत नाही. म्हणतील, कापणारी निर्दोष, पण मग रेझिन सगळं याच काट्यावर मोजलेलं, म्हणजे आख्खं विमानच संशयाचं. म्हणाल्या तर खरंच म्हणतील. नऊ वर्षांचा टोळ मग गॅरेजातच राहील आणि सौ. त्यावर धुणं वाळत घालेल. चालेल. म्हणजे चालणार नाही, खूप वाईट वाटेल, पण ते पान तसं ठेवून मला उडायचं नाही.

तू सही कर असं आता म्हणत नाही. कागद सोबत ठेवलाय तो तुझ्या टाचणीसकट, फेकायचा असेल तर फेक.

माफ कर असं लिहायला तीन वर्षं लागली. माफ कर, ताई.

तुझा
खोट्या काट्याचा भाऊ


१५ डिसेंबर

चि. काटेवाल्यास,
अनेक आशीर्वाद. देऊ की नको असा दोन दिवस विचार केला, मग दिले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुला शिव्या घातल्या, तिसऱ्यांदा शुद्धलेखन तपासलं. अजून तसंच भयंकर आहे.

भाचीचा फोन आला होता. सगळं सांगितलं तिने. तपासनीस बाईंनी दोनशे बारा कप ओळीने मांडायला लावले म्हणे, आणि स्वतः एकेक नखाने दाबला. दोनशे अकरा दगडासारखे. मग भार पेलतो का बघायला दोन्ही पंखांवर वाळूची पोती रचली, तू म्हणे डोळे मिटून उभा होतास, आणि कुठे कुरकूरसुद्धा झाली नाही. हे ऐकून मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. कपडे शिवायला टाकायला आलेली बाई घाबरली.

आता माझं ऐक. त्या दिवशी बसमध्ये मला तुझा राग आला नव्हता. मला वाटलं, खरंच चुकलं असेल. तीन वर्षं मी प्रत्येक कापड दोनदा मापते आहे. कात्री लावायच्या आधी हात थांबतो. लग्नाचे कपडे शिवायला घेणं बंद केलं, नको ती जोखीम म्हणून. चाळीस वर्षांत कधी थांबला नव्हता तो हात तू थांबवलास, एका हरभऱ्याएवढ्या थेंबापायी. तो थेंब तुला आठव्या दिवशी सापडला आणि मला तीन वर्षांनी. याचा राग आहे. अर्धा गेलाय, अर्धा तिथे आल्यावर तोंडावर काढणार आहे. तुझ्या सौ.ला सांग, जागा करून ठेव.

परवा लग्नाचा एक झगा शिवायला घेतला. एकदाच मापलं आणि कापलं.

मी येईपर्यंत टोळ उडवायचा नाही. शनिवारी येते. पहिल्यांदा तू एकटाच उडणार हे माहीत आहे मला, नियम मी पण वाचलेत. मी खाली उभी राहणार. आणि ती दुसरी सीट अजून उघडीच आहे ना? तिचं माप घेऊन ठेव, गादी मी शिवणार. माप दोनदा घे. तुझ्या मापांवर माझा भरवसा नाही.

तुझा कागद सही करून सोबत पाठवते. फक्त तो अपुरा होता. "डावा पंख आणि शेपटी" असं लिहून तू थांबला होतास. मी पेन घेऊन पुढे तीन शब्द वाढवलेत, बाईंना दाखव:

"आणि उजवा पंखही."

कापणारी,
तुझी ताई