गालावरची हळद

पिपलानी, गुरुवार, दिवेलागणीला

माझी नात मिनू शाळेच्या नाटकात वाघ होणार आहे. पण राहते बंगळुरात. फोनवर म्हणाली, "आजी, बाजारच्या रंगानं खाज येते." मग बेसनात हळद नि खोबरेल कालवून आधी माझ्याच गालांना फासलं, वर काजळाचे पट्टे. फोनमध्ये बघून काय हसली पोर! "आजी, डरकाळी फोड ना!" फोडली की.

मग फोन बंद. तोंड धुतलं, काजळ गेलं, हळद तशीच. इथली हिंदी बोलणारी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काकी, किसकी हल्दी है?" हे गेल्यापासून गालाला हळद कुठं लागली होती? पुन्हा धुवायला घेतलेला साबण परत ठेवून दिला. मिनूचा फोन येईल उद्या, तोवर राहू दे पिवळं.